कावड, सायकल आणि हातगाडी

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडा फेरफार केला आहे. वक्ते शाळेत इतिहास-भूगोल शिकवतात, बी.ए., बी.एड.)



या मेळाव्यासाठी मला विषय देण्यात आला तो 'मलेशिया : एक ओळख' हा. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला तो अवघड वाटू नये. रबर, कथील, पामतेल, बारमाही पाऊस, राजधानी क्वालालंपूर. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला, १६ सप्टेंबर १९६३ रोजी मलेशिया हे संघराज्य बनले आणि १९६५ साली सिंगापूर त्यातून वेगळे झाले. एवढे फळ्यावर लिहिले की तास संपतो. परंतु खरे सांगायचे तर मला त्या देशाची ओळख पुस्तकातून झाली नाही. ती खाण्यातून झाली, आणि तेही ऐकीव खाण्यातून. कारण मी स्वतः मलेशियाला कधी गेलेलो नाही. म्हणून आज मी रस्त्यावरच्या खाण्याविषयी बोलणार आहे, तिथल्याही आणि आपल्या चेंबूरच्याही. बोलता बोलता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणार आहे. वास्तविक ती सांगता यावी म्हणूनच मी विषय असा वळवून घेतला, हे आधीच कबूल केलेले बरे.

माझे थोरले मामू जहाजावर भंडारी होते. आपल्या कोकणातल्या घरांना हा शब्द परका नाही. जहाजावरच्या स्वयंपाक्याला खलाशी भंडारी म्हणत. मामू रजेवर गावी आले की रात्री ओटीवर आम्ही पोरे त्यांच्याभोवती जमत असू. इतर खलाशी लंडनच्या आणि जपानच्या गोष्टी सांगत. मामू मात्र पिनांगच्या सांगत, आणि त्याही इमारतींच्या नव्हेत. "अरे, तिथे एक माणूस खांद्यावर कावड घेऊन भात विकतो," ते म्हणत. स्वतः स्वयंपाकी असल्यामुळे त्यांना दुसऱ्याच्या हातचे खाण्याचे अप्रूप होते. जहाज धक्क्याला लागले की ते आधी त्या भातवाल्याच्या वंशातले कोणाचे तरी दुकान गाठत, मग बाकीचे शहर.

मामूंनी सांगितले ते पुढे मी वाचूनही पाहिले आणि ते खरे निघाले. पिनांग हे मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बेट. १७८६ साली इंग्रजांनी तिथे ठाणे बसवले आणि जॉर्ज टाउन हे बंदर उभे राहिले. तमिळ किनाऱ्यावरचे मुसलमान व्यापारी, नावाडी आणि हमाल तिथे येऊन वसले. त्यांना 'चुलिया' म्हणत. आजही तिथे चुलिया स्ट्रीट नावाचा रस्ता आहे, आणि जवळच या हिंदी मुसलमानांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली कपितान केलिंग मशीद आहे. या तमिळ मुसलमानांपैकी ज्यांच्याजवळ दुकान मांडण्याइतके भांडवल नव्हते, ते बांबूच्या कावडीला दोन टोपल्या अडकवून बाहेर पडत. एकीत भात, दुसरीत कालवणाची भांडी. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक गोदीतले कामगार. उकिडवे बसून खायचे आणि कामाला लागायचे. त्या भाताला नाव पडले 'नासी कंदार'. नासी म्हणजे भात, आणि कंदार म्हणजे कावड खांद्यावरून वाहून नेणे. आपल्या 'खांदा' या शब्दाची आठवण झाली ना? मलाही झाली, पण शब्दांची सोयरीक अशी कानावर विसंबून जुळवू नये, असे आमचे बी.एड.चे एक प्राध्यापक सांगत, म्हणून ते तिथेच सोडतो.

कावडी केव्हाच गेल्या. आता नासी कंदारची मोठमोठी उपाहारगृहे आहेत, दिव्यांच्या पाट्या आहेत, रात्री दोन वाजताही रांग असते. पण नाव कावडीचेच राहिले. ज्या ओझ्याखाली कोणाच्या तरी आजोबांचा खांदा सोलवटला, ते ओझे पदार्थाच्या नावात जाऊन बसले.

मलेशियात अशा तमिळ मुसलमानाच्या खाणावळीला 'मामाक' म्हणतात. हा शब्द तमिळमधल्या 'मामा'वरून आला. म्हणजे आपलाच मामू! मलायी पोरे दुकानदाराला मामा म्हणून हाक मारीत आणि त्याचेच नाव होऊन बसले. ऐकायला गोड वाटते. पण तोच शब्द कधीकधी तुच्छतेनेही वापरला जातो, 'तो काय, मामाक' अशा सुरात, आणि म्हणून काहींना तो खटकतो. आपण मुंबईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. 'भैया' म्हणजे भाऊ. 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. नाती आपण मोठी जवळची लावतो. पण "ए भैया" ही हाक आपण कोणत्या आवाजात मारतो, ते आपले आपण एकदा ऐकून पाहावे.

आता क्वालालंपूरची एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. कामावर निघालेला माणूस रस्त्याच्या कडेच्या टेबलावरून केळीच्या पानातली एक पुडी उचलतो. तिच्यात नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर मिरचीचे लालभडक वाटण ज्याला ते संबळ म्हणतात, तळलेले इवलेसे सुके मासे, भाजलेले शेंगदाणे, काकडीचे दोन काप आणि उकडलेले अंडे. ही 'नासी लेमाक'. नारळाच्या दुधातला भात आणि सुकट आपल्या कोकणी घरांना काही नवी नाही. फक्त ती दोन्ही एका पुडीत बांधून बसथांब्यावर विकावीत, हे आपल्याला सुचले नाही. दुसरा माणूस मामाकच्या दुकानात शिरतो. तिथला कारागीर मैद्याचा तेल लावलेला गोळा हवेत झुलवून झुलवून पातळ करतो, घडी घालतो आणि तव्यावर टाकतो. ती 'रोती चानाय'. बरोबर डाळ किंवा माशाचा रस्सा. तिच्यातच खिमा आणि अंडे भरले की 'मुर्तबाक' होते, आणि महंमद अली रोडवर बैदा रोटी खाल्लेला माणूस ते न शिकवता ओळखेल. चहा 'तेह तारिक', म्हणजे ओढलेला चहा. आटवलेले गोड दूध घातलेला चहा या भांड्यातून त्या भांड्यात हातभर उंचीवरून ओतत राहायचे, वर फेस येईपर्यंत. शेजारी चिनी दुकानात कोणी कॉफी पीत बसलेला. मलायी, चिनी आणि हिंदी असे तीन समाज तिथे आहेत. त्यांची शाळा, देवस्थाने, लग्नसोयरिकी बहुतांशी वेगळ्या आहेत आणि त्यांच्यात तंटे झाले नाहीत असे नाही, मे १९६९ ची दंगल प्रसिद्धच आहे. पण सकाळची न्याहारी त्यांनी एकमेकांच्या हातची खाल्ली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाची ही 'न्याहारीची संस्कृती' मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यात नासी लेमाक आहे, रोती चानाय आहे, ओढलेला चहाही आहे.

वर्गात मी मुलांना मलायी भाषेतले काही शब्द ऐकवतो. रोती म्हणजे रोटी. तोपी म्हणजे टोपी. साबुन म्हणजे साबण. नानास म्हणजे अननस. बेंडी म्हणजे भेंडी! इथे वर्ग हमखास हसतो. आणि शिक्षकाला म्हणतात गुरू. शब्द जहाजावरून गेले, माणसांबरोबर गेले. त्यांना पासपोर्ट लागला नाही.

माणसांचे मात्र तसे नाही. याच पिनांगमध्ये २०१४ साली सरकारने ठरवले की रस्त्यावरच्या गाड्यांवर परदेशी माणसाने मुख्य आचारी म्हणून काम करू नये, आणि २०१६ पासून तो नियम अमलात आणला. कारण असे देण्यात आले की बाहेरच्यांच्या हातून पिनांगची मूळची चव बिघडेल. त्यांच्या बाजूनेही बोलता येईल. चव हीच त्या शहराची मिळकत आहे, आणि ती सांभाळावीशी वाटणे गैर नाही. पण मला राहून राहून मामूंच्या कावडवाल्याची आठवण येते. तो आला तेव्हा हा नियम असता, तर सांभाळायला ती चव कुठून आली असती?

आता चेंबूर. समुद्रापलीकडच्या गोष्टी आपण कौतुकाने ऐकतो. घरची गोष्ट ऐकायला जरा कान तयार करावे लागतात.

चेंबूर स्टेशनावर उतरून सकाळी कॅम्पाच्या दिशेने चालत जा. 'कॅम्प' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याचा अर्थ छावणी आहे, हे विसरायला होते. १९४७ ची फाळणी झाली, ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली, आणि सिंधी हिंदू कुटुंबे बोटींतून मुंबईला येऊ लागली. कोणाला कल्याणजवळच्या छावणीत पाठवले, तिचेच पुढे उल्हासनगर झाले. कोणाला इथे चेंबूरला. घर गेले, शेत गेले, पेढी गेली. उरले ते हाताला ठाऊक असलेले काम. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी ते खांद्यावर टाकून विकले. आज चेंबूर कॅम्पात दाल-पकवान खायला लोक लांबून येतात. जिरे घातलेली, कडक तळलेली मैद्याची पुरी, तिच्यावर हरभऱ्याची मऊ डाळ, गोड आणि तिखट चटणी, वर कांदा. रविवारी उभे राहायला जागा मिळत नाही. मी मुसलमान शिक्षक आहे आणि हा मेळावा आपल्या संस्थेचा आहे. फाळणीचा विषय निघाला की आपल्याकडे प्रत्येकाच्या मनात काही ना काही हलते. म्हणूनच मला तो पकवान मुद्दाम सांगावासा वाटतो. घर सुटल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो, तर चूल मांडतो, आणि ती चूल घरात मावत नसेल तर रस्त्यावर मांडतो.

चेंबूरच्या पुढे ट्रॉम्बेच्या बाजूला चिता कॅम्प आहे. तोही कॅम्पच. आजच्या अणुशक्तिनगरच्या बाजूला पूर्वी जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती होती. १९७६ सालच्या मे महिन्यात, आणीबाणीच्या काळात, ती उठवण्यात आली आणि सुमारे ७० हजार माणसे चिता कॅम्पच्या जागेवर नेऊन सोडण्यात आली. त्या वस्तीसाठी झगडणारे जोकिन अर्पुथम यांना पुढे, २०१६ साली, पद्मश्री मिळाली. ते २०१८ मध्ये वारले. या वस्तीत तमिळ माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात मुसलमानही आहेत. म्हणजे ज्या किनाऱ्यावरून एक माणूस कावड घेऊन पिनांगला गेला, त्याच बाजूचा दुसरा माणूस आगगाडीने मुंबईला आला. याने कावडीच्या जागी सायकल घेतली. मागे इडलीचा मोठा डबा, हँडलला एका बाजूला सांबाराची किटली, दुसऱ्या बाजूला चटणीचा डबा, आणि हातात रबरी भोंगा. 'पों पों' ऐकले की आपल्या सोसायट्यांच्या खिडक्या उघडतात.

माझ्याही इमारतीत असा एक अण्णा येत असे. सकाळी साडेसातच्या सुमारास. शाळेला निघायच्या आधी मी त्याच्याकडून दोन वर्षे इडली खाल्ली. उधारीही केली, कारण महिनाअखेरीस सुटे नसतात असे मी म्हणे. नोटाही नसत, हे त्यालाही कळत असावे. त्याचे नाव मी विचारले नाही. 'अण्णा' एवढे पुरत होते.

त्याच काळात नववीच्या माझ्या वर्गात एक मुलगा नकाशा भरून आणत नसे. तीनदा सांगितले, चौथ्यांदा मी चिडलो आणि भर वर्गात म्हणालो, "अभ्यास करू नकोस. मग सायकलवर डबा बांधून इडल्या विकत फिर."

वर्ग हसला. पण ज्याला बोललो त्याच्याकडे पाहून नव्हे. सगळ्यांच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथला मुलगा शांत, नकाशे नीट भरणारा. तो वहीकडे पाहत राहिला. मला वाटले, काहीतरी पोरांची आपसातली थट्टा असेल. मी तास पुढे नेला. विषय मॉन्सूनचे वारे होता, हे मला अजून आठवते.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी भोंगा वाजला, मी खाली गेलो, तर सायकलच्या मागे सुटे पैसे देण्यासाठी तो तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा. अण्णा कौतुकाने म्हणाले, "सर, ये मेरा लडका. आपके ही स्कूल में है." मुलाने मला सलाम केला, पानावर इडल्या ठेवल्या, आणि चटणी वाढताना विचारले, "सर, जास्त घालू?"

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. आपले सर रोज आपल्या वडिलांच्या हातचे खाऊन शाळेत येतात आणि फळ्यापाशी उभे राहून हे बोलतात, हे ठाऊक असून तो तिसऱ्या बाकावर बसत होता, आणि घरी त्याने ते सांगितले नव्हते. अण्णांच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसत होते. त्या दिवशी मी उधारी चुकती केली. त्याने काय होणार? मुलाची माफी मागायला मला आणखी तीन आठवडे लागले. मागितली ती कॉरिडॉरमध्ये, कोणी नसताना. अपमान भर वर्गात आणि माफी एकांतात, हा हिशेब बरोबर नाही, हे तेव्हाही कळत होते. म्हणून आज ती इथे, सर्वांसमक्ष मागतो आहे.

नंतर मी त्याचा शाळेतला प्रवेशअर्ज काढून पाहिला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात लिहिले होते : नोकरी. मग कुतूहलाने आणखी अर्ज चाळले. 'नोकरी', 'खाजगी', 'बिझनेस', आणि पुष्कळ ठिकाणी नुसती रेघ. ज्यांच्या वडिलांची भजीची गाडी, सरबताची गाडी, कबाबची शेगडी मला ओळखीची होती, अशा मुलांच्याही अर्जांवर रेघच. रमजानमध्ये मगरिबनंतर आपण कुर्ल्याला, गोवंडीला ज्या गाड्यांवर गर्दी करतो, त्यातल्या काही गाड्या या रेघांच्या आहेत.

कोणी म्हणेल, सर, हे सगळे ठीक. पण फूटपाथचे काय? म्हाताऱ्या माणसाने चालायचे कुठून? स्वच्छतेचे काय? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. सिंगापूरने यावर एक उत्तर शोधले. १९७० च्या आणि १९८० च्या दशकांत तिथल्या सरकारने रस्त्यावरचे विक्रेते उठवले, पण नुसते उठवले नाहीत. नळ, गटार आणि छप्पर असलेली केंद्रे बांधून त्यांना तिथे बसवले. २०२० साली त्या केंद्रांची खाद्यसंस्कृतीही युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्याकडे कायदा नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. त्यात विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणाला उठवू नये, असे म्हटले आहे. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी आणि तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, असेही आहे. विक्रेत्यांची संख्या वस्तीच्या अडीच टक्क्यांपर्यंत धरावी, हीसुद्धा तरतूद आहे. म्हणजे कायद्याने चालणाऱ्याचाही विचार केला आहे आणि विकणाऱ्याचाही. २०२० पासून केंद्र सरकारची पथविक्रेत्यांसाठी कर्जयोजना आली, तिचा पहिला हप्ता दहा हजार रुपयांपर्यंतचा होता. पण प्रमाणपत्र काय, कर्ज काय, अर्ज भरावा लागतो, आणि अर्ज भरायला ज्याला अक्षर येते असा घरात एकच असतो. तो आपल्या शाळेत नववीत बसलेला असतो. मी वर्गात हा कायदा शिकवू लागलो आहे. अभ्यासक्रमात नाही, नागरिकशास्त्राच्या तासाला दहा मिनिटे चोरतो. मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. ते काही म्हणत नाहीत.

त्या मुलाविषयी आणखी एक सांगतो. एकदा गणिताचे शिक्षक रजेवर होते आणि बदली तासाला मी गेलो. नफा-तोटा चालू होता. खरेदी अमुक, विक्री तमुक, शेकडा नफा काढा. सगळ्यांची उत्तरे आली, याने हात वर केला. म्हणाला, "सर, चटणी कशात धरायची?"

मला प्रश्न कळला नाही. त्याने उभे राहून समजावले. इडली विकली जाते, चटणी आणि सांबार फुकट जाते. नारळ महागला की इडलीचा भाव वाढवता येत नाही, गिऱ्हाईक पुढच्या सायकलकडे जाते. चटणी पातळ केली तर दोन दिवसांत कळते. उडीद कमी केला तर इडली बसते. मग जो नफा पुस्तकात दिसतो, त्यातून रोज थोडा थोडा नारळ वजा होतो. पण गणितात नारळ कुठेच नाही. मी बी.ए. इतिहास. मला उत्तर आले नाही. गणिताच्या सरांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितले की तो खर्चात धरायचा. तो म्हणाला, "अब्बा पण तसंच धरतात."

आता शेवटचा मुद्दा, आणि तो पालकसभेचा आहे. आमच्या शाळेत पालकसभा शनिवारी सकाळी नऊला भरत असे. हजेरी नेहमी अपुरी. आम्ही शिक्षक दरवर्षी अहवालात लिहीत असू, 'पालकांमध्ये शिक्षणाविषयी उदासीनता आढळते.' हे वाक्य मी स्वतः माझ्या अक्षरात दोनदा लिहिले आहे. अण्णांच्या त्या सकाळीनंतर मला सुचले की शनिवारी नऊ वाजता अण्णा कुठे असतात? माझ्या इमारतीखाली असतात, आणखी तीन इमारती बाकी असतात. मग संध्याकाळी सभा ठेवली तर? तर भजीवाला आणि कबाबवाला येऊ शकणार नाही. त्यांचा धंदा पाचला सुरू होतो, आणि तयारी चारला. सकाळचा विक्रेता घरी परतून भांडी घासून झालेला असतो आणि संध्याकाळचा अजून निघालेला नसतो, अशी दिवसात एकच वेळ सापडते. दुपारचे अडीच ते साडेतीन.

गेल्या वर्षी, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, मी माझ्या एका वर्गाची सभा सोमवारी दुपारी अडीचला ठेवून पाहिली. फळ्यावर नोटीस लिहिली, आणि खाली एक ओळ वाढवली की कामाच्या कपड्यांत आले तरी चालेल. ४६ मुलांचा वर्ग. आदल्या सभेला ११ पालक आले होते. या सभेला ३४ आले. बाके कमी पडली, काही मागे उभे राहिले. खोलीत तळणीचा आणि फोडणीचा वास भरून राहिला होता. अण्णा शेवटच्या बाकावर बसले होते, मूल बसते तसे, गुडघे बाकाखाली अडकवून. सभा संपल्यावर ते पुढे आले आणि प्रवेशअर्जातली एक चूक दुरुस्त करता येईल का, म्हणून विचारू लागले.

मी रजिस्टर उघडले आणि पेन त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते मुलाकडे सरकवले. मुलाने 'नोकरी' हा शब्द एका रेघेने खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिले : इडली विक्रेता, सायकलवर.